फ्रॅटर्निटी त्यांची, वसतिगृहे आपली

अमेरिकेतल्या कॉलेजांवरचे सिनेमे पाहून ‘फ्रॅटर्निटी’ हा शब्द आता आपल्या पोरापोरींना माहीत झाला आहे. ग्रीक अक्षरांची पाटी लावलेले घर, आत येण्यासाठी घ्यावी लागणारी शपथ, गुप्त खुणा, आयुष्यभर एकमेकांना नोकऱ्या मिळवून देणारे ‘ब्रदर’. ते पाहिले की कुणीतरी म्हणतेच, आपल्याकडे कॉलेजात असली परंपरा नाही. आम्हाला हे मान्य नाही. विद्यार्थ्यांचे बंधुत्व घडवणारी संस्था महाराष्ट्रात शंभर वर्षांपासून आहे, तिच्या चालीरीती आहेत, तिने नेते, कवी, प्राध्यापक आणि अधिकारी दिले आहेत. तिला आपण नुसते ‘होस्टेल’ म्हणतो आणि खाटांच्या संख्येपलीकडे तिच्याबद्दल काही बोलत नाही.

आधी त्यांचा इतिहास थोडक्यात पाहू. ग्रीक अक्षरांचे नाव घेतलेली पहिली विद्यार्थी संघटना ‘फाय बीटा कॅपा’ 1776 साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे तेच वर्ष. पुढे एकोणिसाव्या शतकात अशा संघटना गावोगावच्या कॉलेजांत पसरल्या आणि त्यांची स्वतःची घरे झाली. कोणाला आत घ्यायचे हे आतले ठरवणार. अनेक फ्रॅटर्निटींच्या घटनेत तर फक्त गोऱ्यांनाच प्रवेश असे लेखी कलम होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही ते सहजासहजी गेले नाही. नाव बंधुभावाचे आणि दारावर वर्णाचा पहारा! हा प्रकार ओळखायला आपल्याला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. गावकीच्या पंगतीत हेच होत आले आहे.

पण त्याच इतिहासात दुसरी एक तारीख आहे आणि ती आपल्या कामाची आहे. 4 डिसेंबर 1906. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केली. गोऱ्यांच्या विद्यापीठात एकटे पडलेले विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून जात होते. एकत्र अभ्यास करणे, एकमेकांना टिकवून धरणे ही गरज आधी होती, ग्रीक अक्षरे नंतर आली. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग या संघटनेचे सदस्य होते. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईसही होते, ज्यांना बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहिले होते. ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी आपले घर बांधले, इतकी ही साधी गोष्ट आहे.

बाबासाहेब 1913 साली त्याच न्यूयॉर्क राज्यात, कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. सुरुवातीला दोन ठिकाणी राहून ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात स्थिरावले. तिथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांना मित्र म्हणून लाभला आणि ही मैत्री पुढे जन्मभर टिकली. परळच्या डबक चाळीतली एक खोली, तीत अख्खे कुटुंब, मुलाला झोपायला जागा मिळावी म्हणून जागणारे आणि पहाटे त्याला अभ्यासाला उठवणारे सुभेदार रामजी बाबा, हे ज्याने पाहिले त्याला पहिल्यांदाच विद्यार्थी म्हणून हक्काची जागा मिळाली होती.

आणि 1917 साली बडोद्याला काय झाले? संस्थानची नोकरी होती, परदेशातले शिक्षण होते, पण राहायला खोली मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि बाहेर काढले. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी काढलेले ते तास आपल्या चळवळीत पुन्हा पुन्हा सांगितले जातात, पण बहुतेक वेळा फक्त अपमानाची कथा म्हणून. आम्ही तिच्याकडे निवाऱ्याच्या प्रश्नाची कथा म्हणून पाहतो. जगातली मोठी पदवी हातात असली तरी छप्पर जातीच्या मालकीचे असते, हे त्या दिवशी कळले. (पारशी मित्राने जन्मभर साथ द्यावी आणि पारशी धर्मशाळेने हाकलावे, यावरून जात ही फक्त हिंदूंपुरती राहत नाही हेही दिसते.)

म्हणून 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या कामांत वसतिगृह होते, हा योगायोग नव्हे. 4 जानेवारी 1925 ला सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी ते सुरू झाले. महाडच्या सत्याग्रहाच्या दोन वर्षे आधी! आपण रायगडचे लोक चवदार तळ्याच्या 20 मार्च 1927 पासून इतिहास मोजतो आणि ते बरोबरच आहे, पण पाण्याच्या आधी बिछाना आला होता हे लक्षात ठेवले पाहिजे. सभेने विद्यार्थ्यांच्या हातून ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले, मोफत वाचनालय काढले आणि मुंबईत महार हॉकी क्लबसुद्धा चालवला. हॉकी! शिष्यवृत्तीचा अर्ज आणि मोर्चा याशिवाय आपल्या पोरांना खेळ, मासिक आणि गप्पाही लागतात, हे 1925 च्या कार्यकर्त्यांना समजत होते.

वसतिगृहाची कल्पना बाबासाहेबांच्या आधीची आहे, तेही सांगायला हवे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग होते. खेड्यातला पोरगा शहरात आला की जेवायचा कुठे आणि झोपायचा कुठे, हा प्रश्न त्यांनी राज्यकर्ता म्हणून सोडवला. पण त्या रांगेत प्रत्येक जातीचे वसतिगृह वेगळे होते. त्या काळात दुसरा मार्ग कदाचित नव्हता. बंधुतेच्या दृष्टीने मात्र ती अर्धीच वाट होती आणि हे बोलल्याने शाहू महाराज लहान होत नाहीत.

1928 साली बाबासाहेबांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली आणि सरकारी मदतीने ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड अशा ठिकाणी विद्यार्थ्यांची सोय केली. 8 जुलै 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 20 जून 1946 ला मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, 1950 ला औरंगाबादचे मिलिंद कॉलेज. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरायची. खरोखरच्या संसदेसारखे सत्ताधारी, विरोधक, ठराव आणि चर्चा. घटना लिहिणारा माणूस आपल्या पोरांना भांडायचे कसे हे नियमासकट शिकवत होता. मिलिंदच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतो. ज्यांना ग्रीक अक्षरांचे आकर्षण आहे त्यांनी हेही पाहावे, आपल्या कॉलेजावर अख्खा ग्रीक राजाच आहे, आणि तो शपथ देत नाही, प्रश्न विचारतो. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली मुले याच परिसरातल्या वसतिगृहांत राहिली, लिहिती झाली. ‘अस्मितादर्श’ची चळवळ इथलीच. 1978 ते 1994 असा सोळा वर्षांचा नामांतराचा लढा ज्यांनी ओढला त्यांच्यातले कितीतरी जण या खोल्यांतून बाहेर पडले होते.

मुंबईतले वडाळ्याचे सिद्धार्थ विहार हे आणखी एक नाव. 1972 साली दलित पँथर जन्माला आली, त्या काळातल्या किती बैठका, किती भांडणे, किती पत्रके या वसतिगृहाशी जोडलेली आहेत हे जुन्या माणसांच्या लेखनातून कळते. रामदास आठवले यांची खोली तिथेच होती. त्यांचे पुढचे राजकारण ज्याला पटत नाही त्याने जरूर टीका करावी, आम्हीही करतो. पण खेड्यातून आलेला पोरका मुलगा राज्याच्या राजकारणापर्यंत पोहोचतो तो कुणाच्या ओसरीवरून नव्हे, तर वसतिगृहाच्या खाटेवरून, एवढे तरी त्यातून शिकता येते.

या घरांच्या परंपरा कुठल्या घटनेत लिहिलेल्या नाहीत. जयंतीची वर्गणी, तीही ज्याच्याकडे नाही त्याला न मागता. भित्तीपत्रक. रात्री मेस उरकल्यावर एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी त्याला फाडायचे, अशी भाषणाची तालीम. 5 डिसेंबरच्या रात्री चैत्यभूमीवर येणाऱ्या गावाकडच्या माणसांसाठी खोल्या रिकाम्या करणे. सीनियरने आपली पुस्तके ज्युनियरला देऊन जाणे, पहिल्या पानावर नाव आणि खाली जय भीम. आणि सर्वात मोठी परंपरा म्हणजे पाहुणा. यादीत नाव न लागलेला, फीचे पैसे नसलेला, स्पर्धा परीक्षेसाठी आलेला कुणीतरी प्रत्येक खोलीत जमिनीवर झोपलेला असतो. विद्यापीठांच्या होस्टेलांत त्याला ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द वाईट आहे, पण प्रथा सोन्यासारखी आहे. दोघांच्या डब्यात तिघे जेवतात. रेक्टर आला की तिसरा संडासात लपतो. अमेरिकन फ्रॅटर्निटीत आत येण्यासाठी अपमान सोसावा लागतो. आपल्याकडे बाहेरच्याला आत ठेवण्यासाठी आतला माणूस स्वतःची जागा धोक्यात घालतो.

कोकणातल्या आपल्या लोकांनी हीच रीत मुंबईत चाळीच्या खोल्यांत चालवली. गावाच्या मंडळाची एक खोली, तीत पंधरा-वीस चाकरमानी, आणि कोपऱ्यात कॉलेजला जाणारा गावचा एखादा पोरगा, ज्याच्याकडून भाडे घ्यायचे नाही असे ठरलेले. तळ्यातल्या, माणगावातल्या, म्हसळ्यातल्या जुन्या शिक्षकांना विचारा, त्यांचे शिक्षण कुठे राहून झाले. उत्तर बहुधा कॉलेजच्या नावाने सुरू होणार नाही, खोलीच्या नावाने सुरू होईल.

आता जे बोलायचे टाळले जाते ते. हे सगळे बंधुत्व पोरांचे होते. सिद्धार्थ विहारच्या आठवणींत बाई शोधावी लागते. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तिथे मुलींसाठी वसतिगृहांची मागणी झाली होती. म्हणजे बायांना गरज आधीच कळली होती, चळवळीतल्या पुरुषांनी ती यादीत खाली ढकलली. आजही मुलींच्या होस्टेलचे गेट संध्याकाळी बंद होते आणि रात्रीच्या ज्या चर्चांत नेतृत्व घडते त्या गेटाबाहेर राहतात. आणि मग आपण विचारतो, मुली पुढे का येत नाहीत?

याचे उत्तर आमच्या तालुक्यातल्या दगडात कोरलेले आहे. तळ्याजवळ, मांदाडच्या खाडीच्या वरच्या डोंगरात कुडा लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. लोक तिथे पावसाळ्यात फोटो काढायला जातात. तिथल्या शिलालेखांत लेणी दान करणाऱ्यांची नावे आहेत. महाभोज घराण्यातली माणसे आहेत, तसा माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. आणि एका लेखात पदुमनिका नावाची प्रव्रजिता आहे. तिने लेणे आणि पोढी दान दिली, सोबत तिच्या अंतेवासिनी बोधी आणि असाळ्हमिता. लेणे म्हणजे राहायची जागा, पोढी म्हणजे पाण्याचे टाके. अंतेवासिनी म्हणजे गुरूच्या सान्निध्यात राहून शिकणारी विद्यार्थिनी. निवारा, पाणी आणि शिक्षण एकाच ओळीत, आणि देणारी बाई, शिकणाऱ्याही बायाच. बाबासाहेबांनी 1954 च्या आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीकडून घेतली नाहीत, बुद्धाकडून घेतली. कुड्याला जाऊन तो लेख पाहिला की हे वाक्य पुस्तकातले वाटत नाही. संघ म्हणजे काय याचा तो पत्ताच आहे.

वसतिगृह हे बंधुत्वाचे घर असते म्हणूनच त्यातून बाहेर काढणे ही शिक्षा होते. हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढले तेव्हा त्यांनी आवारात उघड्यावर तंबू टाकला आणि त्याला वेलिवाडा म्हटले, म्हणजे तेलुगूत दलितवस्ती. 17 जानेवारी 2016 ला रोहित वेमुला गेला. मुंबईत 22 मे 2019 ला डॉ. पायल तडवी गेली, सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. कायदा खोलीत झोपायला येत नाही. पायलच्या बाजूच्या खाटेवर आपले माणूस असते तर, हा प्रश्न आम्हाला सोडत नाही.

आणि नेमक्या याच काळात सरकारचे धोरण खाटेकडून खात्याकडे वळले आहे. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे, बाबासाहेबांच्याच नावाची. योजना आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले, त्यात निवासासाठी 20,000. म्हणजे महिन्याला 1,700 रुपयांच्या आत. मुंबईत या पैशांत काय मिळते ते घरमालकांना विचारा, आणि तेही आधी आडनाव विचारतील. आम्ही ‘स्वाधार’च्या विरोधात नाही, अनेक मुलांचे शिक्षण तिच्यावर चालले आहे, आणि हप्ता उशिरा आला तर त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण पैसा खात्यात येतो तो एकेकट्याच्या. चार जण चार उपनगरांत भाड्याच्या कोपऱ्यात राहिले की भित्तीपत्रक कुठे लावणार? पाहुण्याला कुठे झोपवणार? पहिल्या वर्षाच्या पोरीला रात्री रडू आले तर दार कोणाचे वाजवणार? बडोद्याच्या बागेत बसलेल्या माणसाला कुणी भाड्याचे पैसे दिले असते तरी खोली मिळाली नसती.

तेव्हा तहसीलदारापासून सामाजिक न्याय विभागापर्यंत जाणाऱ्या आपल्या निवेदनांत आता ‘भत्ता वाढवा’ या ओळीच्या वर ‘वसतिगृह बांधा’ ही ओळ आली पाहिजे, मुलींचे आधी. वाचनालय आणि सभेची खोली नकाशातच हवी, नंतर बघू म्हणून नको. ज्या शाखा विहार बांधायला वर्गणी काढत आहेत त्यांनी वरच्या मजल्यावर दहा खाटांचा विचार करावा. कुड्याच्या पदुमनिकेनेही पोढीसकट लेणे दिले होते. आणि ज्यांचे शिक्षण अशा वसतिगृहांत किंवा गावाच्या खोलीत झाले आहे त्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे वही घेऊन बसा. खोली कुठे होती, किती जण होते, जेवण कोण करायचे, पाहुणा कोण होता, हे सगळे नावानिशी लिहून घ्या.