विश्रांती आणि चलन : शारीरिक उपचारांच्या इतिहासातील एक वाद

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय भग्नचिकित्सेचा आहे. मोडलेले हाड जागेवर कसे आणावे, कोणत्या वृक्षांच्या साली त्याभोवती ठेवून बांधावे, बंध केव्हा सोडावा, याचा तपशील त्यात येतो. तळहाताचे हाड मोडले असता करावयाच्या उपचारांच्या शेवटी मात्र एक वेगळाच विधी सांगितला आहे. रोग्याने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, त्यानंतर मिठाचा खडा धरावा, आणि हातात बळ आले म्हणजे दगड धरावा. माती, मीठ, दगड अशी ही चढती भाजणी आहे. हाड सांधले गेले म्हणजे हात बरा झाला असे या ग्रंथकाराने मानलेले नाही. सांधलेला हात पुन्हा कामाचा होणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती रोग्याला स्वतःच्या श्रमाने साधावी लागते, हे त्याने ओळखले होते. या उताऱ्यावरून आधुनिक व्यायामोपचाराचे जनकत्व प्राचीन भारताकडे देण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलेला बरा, कारण या विधीपासून आजच्या रुग्णालयांपर्यंत येणारी अखंड परंपरा दाखविता येत नाही. पण या उताऱ्यात एक प्रश्न दडलेला आहे. बंध सोडून हाती दगड द्यावयाची वेळ कोणती? दुखावलेल्या अवयवाला स्वस्थ किती काळ ठेवावे आणि हलवावे केव्हा? युरोपीय वैद्यकात याच प्रश्नावर सुमारे शंभर वर्षे वाद झाला, आणि फिजिओथेरपी या नावाने आज ओळखली जाणारी विद्या बव्हंशी त्या वादातूनच घडली.

या वादातील विश्रांतीचा पक्ष दुबळा नव्हता, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात दिलेली व्याख्याने १८६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि पुढे ‘विश्रांती व वेदना’ या अर्थाच्या नावाने तो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. हिल्टन हे कसलेले शारीररचनाशास्त्रज्ञ होते. ज्या मज्जातंतूमधून सांध्याला शाखा जातात, तोच तंतू त्या सांध्याला हलविणाऱ्या स्नायूंनाही जातो आणि त्या स्नायूंच्या टोकांवरील त्वचेलाही जातो, असा नियम त्यांनी दाखवून दिला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सांधा सुजला की भोवतालचे स्नायू आपोआप ताठरतात. हिल्टन यांच्या मते हा ताठरपणा म्हणजे निसर्गाने घातलेला बंधच होय. वेदना ही त्याची आज्ञा आणि ती पाळणे हे वैद्याचे काम. युक्तिवाद सुसंगत होता आणि क्षयाने पोखरलेल्या सांध्यांच्या त्या काळात तो पुष्कळ अंशी हितकरही ठरला. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन टॉमस यांनी हेच तत्त्व टोकाला नेले. विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ असावी असा त्यांचा दंडक होता. पायासाठी त्यांनी तयार केलेली आधारचौकट पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे प्राण वाचविण्यास कारणीभूत झाली.

परंतु या दंडकाची किंमत रोग्याला मोजावी लागे. बांधून ठेवलेल्या अवयवातील स्नायू काही दिवसांतच रोडावू लागतात. सांध्याभोवतालचे वेष्टन आखडते. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रव हालचालीने आतबाहेर होतो, त्यातूनच तिचे पोषण होते, आणि चलन थांबले की तेही मंदावते. ज्या हाडावर भार पडत नाही त्यातील चुन्याचे प्रमाण घटते. यांपैकी बरीचशी कारणे त्या काळी अज्ञात होती. परिणाम मात्र उघड दिसत. हाड जुळलेले, पण कोपर वाकत नाही, गुडघा मुडपत नाही, खांदा उचलत नाही, असे रोगी शल्यविशारदाच्या यशाच्या यादीत गणले जात आणि स्वतःच्या उपजीविकेला मुकत.

असे रोगी हाडवैद्याकडे जात. इंग्लंडातील हाडवैद्यांचा धंदा पिढीजात असे, त्यांना शरीररचनेचे पुस्तकी ज्ञान नसे, आणि ‘निसटलेले हाड जागेवर बसविले’ हे त्यांचे ठरलेले स्पष्टीकरण बहुधा चुकीचे असे. प्रत्यक्षात ते आखडलेला सांधा हिसका देऊन मोकळा करीत, आणि रोगी चालत घरी जाई. टॉमस यांचे वडील इव्हान हे असेच हाडवैद्य होते, हा इतिहासातील एक गमतीदार योग म्हणावयाचा. सर जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात, हाडवैद्य कोणते रोगी बरे करतात, असा प्रश्न आपल्या व्यवसायबंधूंपुढे उघडपणे ठेवला. अशा लोकांच्या हातून होणारे अनर्थ त्यांनी लपविले नाहीत. तथापि त्यांच्यापासून जे घेण्याजोगे आहे ते घ्यावे, असा त्यांचा अभिप्राय होता. १८७१ मध्ये व्हार्टन हूड या वैद्याने हटन नावाच्या हाडवैद्याकडून शिकलेल्या क्रियांवर पुस्तकच लिहिले. प्रतिष्ठित विद्येने तुच्छ लेखलेल्या कारागिराकडून ज्ञान घेतल्याचे मान्य करणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

चलनाच्या पक्षाला दुसरा आधार स्वीडनमध्ये मिळाला होता. तेथे तलवारबाजीचे शिक्षक पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे शासनाच्या आश्रयाने व्यायामाची मध्यवर्ती संस्था स्थापिली. सैनिकी व शैक्षणिक व्यायामाच्या जोडीला वैद्यकीय व्यायाम असा स्वतंत्र विभाग त्यांनी कल्पिला आणि कोणत्या व्याधीत कोणती हालचाल, किती वेळा, रोग्याने स्वतः करावयाची की दुसऱ्याने करवून घ्यावयाची, याची पद्धतशीर मांडणी केली. त्यांचे शारीरक्रियेविषयीचे तात्त्विक विवेचन आज कोणी वाचत नाही. त्यांनी लावलेली शिस्त तेवढी टिकली. अस्थिभंगातही बंधापेक्षा लवकर हालचाल व मर्दन श्रेयस्कर होय, असे धाडसी प्रतिपादन पॅरिसचे शल्यविशारद ल्यूका-शांपिओनिएर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले. हाडाची दोन टोके किंचित हलली तरी ती जुळण्यास अपाय होत नाही, असा त्यांचा दावा होता. सर्वच अस्थिभंगांना तो लागू पडत नाही, हे नंतर दिसून आले.

इंग्लंडात ही विद्या परिचारिकांच्या हाती आली. १८९४ मध्ये मर्दनगृहांच्या नावाखाली चालणाऱ्या अनैतिक व्यवहारांचा तेथील वैद्यकीय पत्राने गवगवा केला. तेव्हा आपल्या व्यवसायाची अब्रू राखण्यासाठी चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. डॉक्टरांच्या सूचनेवाचून कोणावरही उपचार करावयाचा नाही, आणि अपवादात्मक प्रसंग वगळता पुरुषांना मर्दन करावयाचे नाही, असे तिचे कडक नियम होते. या संस्थेच्या नावाचा प्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. आरंभी नावात केवळ मर्दन होते. १९२० मध्ये शाही सनद मिळाली तेव्हा त्याला वैद्यकीय व्यायामाची जोड मिळाली. आणि १९४४ मध्ये दोन्ही शब्द जाऊन ‘फिजिओथेरपी’ हा एकच शब्द राहिला. कर्त्याच्या हाताचे काम दर्शविणाऱ्या शब्दाकडून शास्त्राच्या नावाकडे हे स्थित्यंतर झाले. मराठीत रूढ झालेला ‘भौतिकोपचार’ हा शब्द उष्णता, प्रकाश, विद्युत् अशा भौतिक साधनांवर भर देतो. रोग्याने स्वतः करावयाच्या प्रयत्नाचा त्यात मागमूस नाही, आणि या विद्येचे मर्म तर तेथेच आहे. म्हणून तो शब्द काहीसा अपुरा वाटतो.

हा वाद सर्वांत तीव्र झाला तो पोलिओच्या प्रसंगी. या रोगाचा विषाणू मज्जारज्जूतील चालक पेशींचा नाश करतो आणि त्या पेशींवर अवलंबून असलेले स्नायू लुळे पडतात. उरलेल्या सशक्त स्नायूंनी ओढ घेऊन अवयव वाकडा करू नये, यासाठी मुलांचे हातपाय आठवडेच्या आठवडे, कित्येकदा महिनोन्‌महिने, प्लास्टरमध्ये किंवा आधारपट्ट्यांमध्ये जखडून ठेवीत. ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागात परिचर्या करणाऱ्या एलिझाबेथ केनी यांनी याच्या नेमके उलट केले. लोकरीच्या कापडाच्या गरम, ओलसर पट्ट्या दुखऱ्या स्नायूंवर ठेवावयाच्या, बंध मुळीच घालावयाचे नाहीत, वेदना ओसरताच अवयव हळूहळू हलवावयाचा, आणि मुलाने आपले मन त्या स्नायूवर एकाग्र करून हालचाल पुन्हा शिकावयाची, अशी त्यांची रीत होती. केनी यांच्यापाशी परिचारिकेची रीतसर पदवी नव्हती. ‘सिस्टर’ ही उपाधी त्यांना पहिल्या महायुद्धात सैनिकी जहाजांवर केलेल्या सेवेमुळे मिळाली होती. स्वभाव हट्टी, बोलणे तिखट. १९३८ मध्ये क्वीन्सलंडच्या शाही आयोगाने त्यांच्या पद्धतीविरुद्ध अहवाल दिला. १९४० मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी त्यांचे काम पाहिले, आणि १९४२ मध्ये त्या शहरी त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. पुढील काही वर्षांत पोलिओच्या वॉर्डांतून प्लास्टर नाहीसे होत गेले.

येथे इतिहासकाराने सावध असावे. पोलिओ हा मुख्यतः स्नायूंचा रोग आहे, ही केनी यांची समजूत साफ चुकीची होती. मेलेल्या चालक पेशी त्यांच्या उपचाराने जिवंत होत नव्हत्या. जी मुले बरी झाली त्यांतील काही कोणत्याही उपचाराने बरी झाली असती, हे त्यांच्या विरोधकांचे म्हणणेही खोटे नव्हते. पण विरोधकांची उपपत्ती बरोबर असूनही त्यांची कृती अपायकारक होती, आणि केनी यांची उपपत्ती चुकीची असूनही त्यांच्या हाताखालील मुलाला वेदना कमी होत आणि त्याचे सांधे आखडत नसत. जखडलेल्या मुलाच्या दृष्टीने कोणाची उपपत्ती खरी, याला काय महत्त्व होते?

त्याच सुमारास महायुद्धाने आणखी दोन ठिकाणी हाच प्रश्न उभा केला. मज्जारज्जूला इजा झालेला सैनिक त्यापूर्वी शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या विकाराने दगावावयाचाच, असे गृहीत धरले जाई. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू मज्जाशास्त्रज्ञ लुडविग गुटमान यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे विभाग सुरू केला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रोग्याची कूस बदलावयाची, हा तेथला पहिला नियम होता. त्यानंतर व्यायाम, काम आणि खेळ. २९ जुलै १९४८ रोजी तेथे चाकांच्या खुर्चीतील १६ स्त्रीपुरुषांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली, आणि आजच्या पॅरालिंपिक स्पर्धांचे मूळ तेथे आहे. दुसरीकडे शिकागोतील सैनिकी रुग्णालयात टॉमस डेलॉर्म यांनी गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांना थोडे वजन पुष्कळ वेळा उचलावयास लावण्याऐवजी जास्त वजन मोजक्या वेळा उचलावयास लावले आणि शक्ती वाढेल तसे वजन वाढविले. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. येथे सुश्रुताचा दगड आठवतो. फरक इतकाच, की डेलॉर्म यांनी त्याचे वजन मोजले. १९४७ मध्ये लंडनचे रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणात पडून राहण्याचे धोके एका खोचक लेखात मांडले, आणि तो लेख अजून वाचला जातो.

हे सारे विचार महाराष्ट्रात आले तेही युद्ध आणि पोलिओ यांच्याच वाटेने. पुण्यात सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये स्थापन झाले. १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले, १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली, आणि त्याच वर्षी या व्यवसायाची अखिल भारतीय संघटनाही अस्तित्वात आली. तालमीतील वस्ताद आणि गावोगावचे हाडवैद्य यांच्याकडे मात्र येथील शास्त्राने पॅजेट यांच्या नजरेने फारसे पाहिले नाही. व्यवसायाला कायद्याची चौकट देणारा केंद्रीय अधिनियम व्हावयास २०२१ साल उजाडले.

वाद अखेर पाठदुखीच्या साध्या रोग्यांवर मोजून पाहिला गेला. १९८६ मध्ये अमेरिकेत डेयो व त्यांचे सहकारी यांनी २०३ रोग्यांपैकी काहींना २ दिवस व काहींना ७ दिवस अंथरुणात विश्रांतीचा सल्ला दिला. थोडी विश्रांती सांगितलेल्यांची कामावरील गैरहजेरी ४५ टक्क्यांनी कमी भरली, आणि इतर बाबतींत दोहोंत फरक दिसला नाही. १९९५ मध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांची तीन गटांत विभागणी झाली : विश्रांती, पाठीचे खास व्यायाम, आणि सोसेल तसे नित्याचे व्यवहार. तिसरा गट सर्वांत लवकर सुधारला. ताज्या दुखण्यात विश्रांतीचा पराभव झाला खरा, पण व्यायामाचाही विजय झाला नाही. चलनपक्षाच्या अतिउत्साही अनुयायांना हा निकाल अजून पुरता पचलेला दिसत नाही.

भारतात वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला. लहानपणी हा रोग होऊन गेलेली, नेटाने चालावयास शिकलेली माणसे मात्र आज प्रौढ वयात आहेत. त्यांतील अनेकांना दोन-तीन दशकांनी पुन्हा थकवा येतो, सशक्त राहिलेले स्नायूही दुबळे होऊ लागतात. वाचलेल्या थोड्या चालक पेशींनी इतकी वर्षे अनेक पेशींचा भार वाहिला, त्याचा हा परिणाम असावा असे मानले जाते. अशा रोग्याला उपचारतज्ज्ञ हलका, दम न आणणारा व्यायाम देतात, दिवसाची कामे वाटून घ्यावयास शिकवितात, आणि दुपारी पडावयास सांगतात.