भोरडीचं गाव कोणतं?

हिंगोलीकडच्या ज्या मंडळींचं लहानपण शेतात गेलं, त्यांना भोरडी सांगायला नको. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. ज्वारीचं कणीस भरू लागलं की थवेच्या थवे उतरायचे, आणि आम्ही पोरं माळ्यावरून गोफणी फिरवायचो. ही पाखरं येतात कुठून, हे कुणी विचारत नसे.

माणसाला प्रश्न जुनाच आहे. क्रौंच दूरदेशी जातात, हे अ‍ॅरिस्टॉटलने बरोबर लिहिलं; पण पाकोळ्या बिळांत दडून हिवाळा काढतात, असंही लिहिलं, आणि ते शतकानुशतकं चाललं. पुढं 1822 मध्ये जर्मनीत एक करकोचा सापडला, त्याच्या मानेत आफ्रिकेतला भाला आरपार अडकलेला! पुरावा असा उडत आला.

भोरडीचं गाव म्हणजे मध्य आशियातली गवताळ माळरानं. मे-जूनमध्ये तिथं टोळ, नाकतोडे मुबलक असतात, पिलांना तेच लागतात. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ आवरावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधतात. आम्ही जिला हाकलायचो, तिला ते बोलावतात.

पिलं उडती झाली की ती निघते. जुलै-ऑगस्टमध्ये, तिकडे अजून उन्हाळा असतानाच, आपल्याकडे यायला लागते. तेव्हा पक्षी थंडीला भिऊन येतात, हे म्हणणं अपुरं आहे बरं का.

मग निघायची वेळ कशी कळते? 1920 च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन यांनी पिंजऱ्यातल्या जुंको पक्ष्यांना भर हिवाळ्यात विजेच्या दिव्यांनी दिवस लांबवून दाखवला. बाहेर बर्फ, आणि आत पक्ष्यांची शरीरं वसंताच्या तयारीला लागली! म्हणजे पक्षी दिवसाची लांबी मोजतो, उपासमार व्हायची वाट बघत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही 'हेतू' हा शब्द फार सैल वापरतो. इथं पाखराच्या डोक्यात हेतू असायची गरज नाही. जे वेळेवर निघाले त्यांचीच पिलं जास्त जगली, आणि ती सवय वंशात उतरली.

हा हिशेब बसायला अनेक पिढ्या लागतात. शेत मात्र एका माणसाच्या हयातीत बदलतं. आमच्याकडे ज्वारी मागं पडली, सोयाबीन आणि हळद आली. इथं काय पेरलंय, हे भोरडीला तिकडून दिसत नाही. ती यायच्या वेळी येणारच. ती नुसत्या ज्वारीवर जगत नाही, हे बरं. किडे खाते, वड-पिंपळाची फळं खाते, फाल्गुनात पळसाच्या फुलांतला मध पिते, म्हणून तर तिला पळसमैना म्हणतात. पण त्यासाठी बांधावर वड आणि पळस उभे लागतात, आणि आता ट्रॅक्टर वळवायला अडचण नको म्हणून पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते.