तृतीयाप्रकृती : प्राचीन शब्द आणि आधुनिक वाचक

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयी जो निर्णय दिला, त्यात ‘तृतीयाप्रकृती’ या प्राचीन संज्ञेचा आणि जैन ग्रंथांतील विवेचनाचा उल्लेख आहे. संस्कृतज्ञांच्या चर्चेपुरती मर्यादित असलेली ही परिभाषा अशा रीतीने सार्वजनिक व्यवहारात आली. तेव्हा ती आजच्या वाचकापुढे कोणत्या अर्थाने मांडावी, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

अमरकोशात तृतीयाप्रकृती, षण्ढ, क्लीब, पण्ड व नपुंसक हे शब्द एकाच अर्थाचे म्हणून दिले आहेत. परंतु कोशाचे प्रयोजन पर्याय पुरविणे हे होय; त्यावरून या साऱ्या शब्दांमागील व्यक्ती एकाच प्रकारच्या होत्या, असे अनुमान काढता येत नाही. वात्स्यायनाने कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात तृतीयाप्रकृतीचे स्त्रीरूपिणी व पुरुषरूपिणी असे दोन भेद सांगितले आहेत. पहिली वेषाने, बोलण्याने व हावभावांनी स्त्रीचे अनुकरण करते. दुसरी आपली इच्छा गुप्त ठेवून अंगमर्दनाच्या व्यवसायावर निर्वाह करते. येथे वर्णन आहे ते वेष, वर्तन व उपजीविका यांचे. अंगच्छेदाचा निर्देश त्यात मुळीच नाही.

असे असता 1883 साली प्रसिद्ध झालेल्या बर्टनच्या इंग्रजी भाषांतरात या संज्ञेसाठी ‘यूनक’, म्हणजे खोजा, हा शब्द योजण्यात आला. हाच शब्द 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आधीच आला होता. त्या कायद्यान्वये नोंद झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात वावरणे हा दंडनीय अपराध ठरला. प्रकृतिवाचक शब्दाच्या जागी शरीराच्या व्यंगाचा वाचक असा शब्द आला, की अर्थ किती पालटतो, हे यावरून ध्यानात येईल.

तथापि, सर्व दोष परकीय राजवटीवर ढकलून प्राचीन काळ निष्कलंक ठरविणेही युक्त नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात क्लीबाला दायभाग नाकारला आहे. मात्र त्याला अन्नवस्त्र देण्याचे बंधन घातले असून त्याला अपत्य झाल्यास त्या अपत्याला वाटा देण्याचीही तरतूद केली आहे. बौद्ध विनयपिटकात पण्डकाला उपसंपदा निषिद्ध आहे. परंतु त्याच पिटकात असेही एक प्रकरण आहे, की एका भिक्षूच्या ठायी स्त्रीचे लिंग प्रकट झाले असता त्याची पूर्वीची उपसंपदा व वर्षावासांची गणना कायम ठेवून त्याला भिक्षुणीसंघात जाण्याची अनुज्ञा देण्यात आली. भिक्षुणीच्या बाबतीतही याच्या उलट असाच नियम सांगितला आहे. निषेध आणि अनुज्ञा एकाच ग्रंथात शेजारी नांदतात. यांपैकी एकच वचन उचलून सिद्धांत मांडणारा अभ्यासक अर्धेच सत्य सांगतो.

या विषयात सर्वांत सूक्ष्म विचार जैनांनी केला आहे. त्यांनी शरीराचे लिंग म्हणजे द्रव्यवेद आणि अंतःकरणातील कामप्रवृत्ती म्हणजे भाववेद यांत भेद कल्पिला. स्त्रीवेद, पुंवेद व नपुंसकवेद हे मोहनीय कर्माच्या उदयाने होतात, असे ते मानतात. देह एका प्रकारचा व भाव दुसऱ्या प्रकारचा असणे या मतात संभवते. श्वेतांबर परंपरेने सांगितलेल्या सिद्धांच्या 15 प्रकारांत नपुंसकलिंगसिद्धाचीही गणना आहे. मात्र हे विवेचन कर्मसिद्धांताचे अंग आहे. आधुनिक मानसशास्त्रातील लिंगभावाच्या कल्पनेशी त्याचे साम्य दाखवावे. दोहोंचे ऐक्य मानू नये.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. वरील सर्व ग्रंथ आचार्यांनी, स्मृतिकारांनी व संघाच्या नियामकांनी रचलेले आहेत. ज्यांच्याविषयी ते बोलतात, त्यांचा स्वतःचा शब्द या ग्रंथांत नाही. ‘प्रकृती’ म्हणणारे शास्त्रकार स्वभावाकडे पाहत होते, तर आजचा ‘तृतीयपंथी’ हा शब्द पंथाचा, म्हणजे मार्गाचा, बोध करून देतो. दोहोंमध्ये शतकांचे अंतर आहे आणि ते अंतर मान्य करूनच इतिहास सांगितला पाहिजे.

आजच्या तृतीयपंथी नागरिकाचे हक्क प्राचीन ग्रंथांच्या अनुमतीवर अवलंबून नाहीत. उपर्युक्त निर्णयाचा आधार संविधानातील समता, स्वातंत्र्य व जीवित यांविषयीची अनुच्छेदे हाच आहे. या व्यक्ती आपल्या समाजाला कधीच अपरिचित नव्हत्या, एवढे मात्र इतिहास निःसंशय दाखवितो. त्यांना परके मानण्यास परंपरेचा आधार नाही.