सत्तावीस नोव्हेंबरचं आकाश

29 जून 1843, दुपारचे साडेतीन. तुम्ही खानदेशात, एदलाबादजवळच्या मानेगावच्या शिवारात उभे आहात. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. देशात आगगाडी धावायला अजून दहा वर्षं आहेत. आकाशातून दगड येऊन पडतो. तो वेस्टा या लघुग्रहाच्या जातीचा, हे कळायला सव्वाशे वर्षं लागणार आहेत. एक पडला, आता आणखी पडतील, या भीतीनं तुमची नजर वरच खिळते. दिवस जातात, पावसाळा सरतो. काही पडत नाही.

पुढे चला. 27 नोव्हेंबर 1872 ची रात्र, आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली, पांझरा नदीचा काठ. याच सुमारास युरोपात 27 तारखेची संध्याकाळ आहे आणि तिथले लोक तासाला हजारो उल्का मोजत आहेत. बिएलाचा धूमकेतू 1846 मध्ये दुभंगला, 1852 नंतर दिसलाच नाही. त्याच्या धुळीच्या पट्ट्यातून पृथ्वी आज जात आहे. या गर्दीला खरं कारण आहे.

आणखी पाच वर्षं. 27 नोव्हेंबर 1877. धुळ्याजवळ भगूरला दगड पडतो. तारीख तीच! तुमच्या अंगावर काटा येतो, साहजिकच. पण धूमकेतूची धूळ वरच जळून जाते, जमिनीपर्यंत येत नाही. भगूरचा दगड साध्या कोंड्राइट जातीचा, लघुग्रहाचा तुकडा. तारखा जुळल्या तो निव्वळ योगायोग, आणि मानेगावनंतरची 34 वर्षं हीसुद्धा आकाशानं घेतलेली विश्रांती नव्हे. मला हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण अशा जुळण्यांवरच अपशकुन उभे राहतात.

आता आजच्या काळात या. जानेवारीअखेर, मोठा उल्कावर्षाव नसलेली, चांदणं नसलेली रात्र. यावलकडे केळीला पाणी द्यायचंय, वीज रात्रीच्या पाळीची. पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवून तुम्ही बांधावर बसता आणि मोजू लागता. ताशी सहा उल्का दिसत असतील तर दर दहा मिनिटांनी एक यावी, असं मन धरून चालतं. पण एका कणाला दुसऱ्याची खबर नसते. अशा कित्येक रात्रींचे दहा-दहा मिनिटांचे शंभर तुकडे पाडलेत, तर साधारण 37 पूर्ण रिकामे निघतील, 37 मध्ये एकच उल्का असेल, आणि उरलेल्या 26 मध्ये दोन किंवा जास्त. लागोपाठ दोन दिसल्या की तुम्ही शेजारच्या शेतात हाक मारता. शेजारी वर बघतो तेव्हा नेमका रिकामा तुकडा सुरू झालेला असतो. त्यात कुणाच्या नजरेचा दोष नाही. उलट घड्याळ लावल्यासारख्या ठरावीक अंतरानं उल्का आल्या असत्या, तरच कारण शोधावं लागलं असतं.

जागं राहायचंच असेल तर पहाटेपर्यंत राहा. संध्याकाळी आपण पृथ्वीच्या मागच्या बाजूला असतो, आपल्याला गाठतात ते फक्त तिच्यापेक्षा वेगवान कण. पहाटे आपण पुढच्या बाजूला येतो आणि समोरचे कणही अंगावर घेतो. पहाटेचे आकडे वाढतात ते त्यामुळे. वहीत वेळ लिहा आणि रिकामे तुकडेही न चुकता लिहा. मानेगाव आणि भगूरच्या मधली वर्षं कुणी अशी लिहून ठेवली नाहीत.