गदगच्या डोंगरात ‘सांगली’ नावाची खाण

“नाशिकमध्ये बसून सोन्याच्या खाणीवर पीएचडी?” हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. सोन्याची खाण म्हटलं की लोकांना कोलार आठवतं. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स तिथे आली आणि २८ फेब्रुवारी २००१ ला ती खाण बंद झाली. माझी खाण मात्र लहान आहे, आणि फसलेली आहे. गदगजवळच्या कप्पतगुड्डा डोंगरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही कंपन्यांनी सोन्यासाठी खणायला घेतलं, आणि पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आत सगळं आटोपलं.

इथल्या एका जुन्या खाणीचं नाव ‘सांगली’. गदगच्या डोंगरात सांगली कुठून आली? दोन दिवस मला वाटत होतं की छपाईची चूक असणार. मग जुना नकाशा काढला. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, पण त्याला लागून असलेला शिरहट्टी तालुका पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. नाव तिथूनच आलं असणार. म्हणजे एकाच डोंगररांगेचे कागद दोन सरकारांच्या दफ्तरांत, आणि १९५६ पासून डोंगर तिसऱ्याच राज्यात. तेव्हा मित्रांनो, विषय ठरवताना आजचा नकाशा बाजूला ठेवा. आधी ‘त्या साली इथे हुकूम कोणाचा चालायचा’ हे बघा, मग पुराभिलेखागाराचा अर्ज भरा.

खरी चूक मी सिनॉप्सिसमध्ये केली होती. पहिलं प्रकरण कंपनीच्या स्थापनेपासून सुरू केलं होतं. कंपनीचे कागद नीट असतात ना: भांडवल, संचालक, अहवाल. गाईडनी समासात एवढंच लिहिलं, “सोनं आहे हे कंपनीला कोणी सांगितलं?”

उत्तर शोधत मागे गेले. १८७४ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांचा डंबळच्या डोंगरांतल्या सुवर्णयुक्त खडकांवरचा लेख आला. (हेच ते फूट, ज्यांना १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार सापडलं.) त्यांच्या लेखात जालगार भेटतात. पावसाळ्यात ओढ्यांना पूर येऊन गेला की वाळू लाकडी भांड्यात धुऊन सोन्याचे कण काढणारे लोक. आपल्याकडे सराफाच्या दुकानातली धूळ-राख धुणारे झारेकरी असतात, त्यांच्याच जातीचं हे काम. फूट यांनी ओढ्यांची वाळू त्यांच्याकडूनच धुऊन घेतली. कोणत्या ओढ्यात कण येतात हे जालगारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. भूगर्भशास्त्रज्ञाने त्या ओढ्यावरून वर चढत गारेच्या शिरा शोधायच्या, अशी ती पद्धत.

इथे माझ्या प्रबंधाचा प्रश्नच बदलला. ‘सोनं संपलं म्हणून खाण बंद पडली’ असं आपण सहज लिहून टाकतो. कप्पतगुड्ड्याचं सोनं संपलं नव्हतं, त्यानंतरही तिथे खाणकामाचे प्रस्ताव येत राहिले. गारेच्या शिरेत सोनं सारखं पसरलेलं नसतं. एखाद्या कप्प्यात चांगलं लागतं, पुढे कोरडा दगड. कंपनीला खोल विहीर खणायची, पाणी उपसायचं, दगड कुटायचा आणि वर भागधारकांना लाभांश द्यायचा. जालगाराला पूर ओसरल्यावर काही दिवस स्वतःचे हात राबवायचे. त्याची कमाई बेताचीच, पण दगड फोडायचा खर्च डोंगर आणि पाऊस करत होते. तेच सोनं एकाच्या हिशोबात बसत होतं, दुसऱ्याच्या नाही.

अडचण अशी की कंपनीचं नुकसान आकड्यांत मिळतं, जालगाराची कमाई मात्र दुसऱ्याने नोंदवलेली. तीही बहुधा ‘किरकोळ’ या शेऱ्यासकट. हा शेरा कोणी, कशाशी तुलना करून मारला, हे प्रत्येक ठिकाणी तपासते आहे.

२०१९ मध्ये कप्पतगुड्डा अभयारण्य जाहीर झालं. आता जायचं तर वनखात्याची परवानगी लागेल. अर्ज तयार आहे, पावसाळ्यानंतरची तारीख मागितली आहे. ओढे पाहायचे आहेत, खाणी नंतर.