कारण, करणें आणि करविणें

इतिहास म्हणजे नुसती घटनांची जंत्री नव्हे. अमुक सालीं अमुक झालें, एवढें सांगून इतिहासकाराची सुटका होत नाहीं. तें कां झालें व कोणामुळें झालें, हेंही त्यास सांगावें लागतें. पण कारण सांगावयाचें तें भाषेंतूनच, आणि प्रत्येक भाषेची कारण सांगण्याची तऱ्हा निराळी. इंग्रजी विद्येबरोबर इंग्रजी क्रियापदांची तऱ्हाही आपल्या इतिहासलेखनांत शिरली. तिनें लाभ किती झाला व हानि किती झाली, याचा विचार यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासाच्या आधारें करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम घरचें पाहूं. झाड पडतें, कोणी तें पाडतो, कोणी दुसऱ्याकडून पाडवितो. मूल जेवतें, आई त्यास जेवविते. एका धातूलाच थोडा फेरफार करून आपण कार्य आणि कारण एका शब्दांत बांधतों. अशा क्रियापदांस आपले वैयाकरण ‘प्रयोजक’ म्हणतात. पाणिनीनें तर दुसऱ्या कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्यास ‘हेतु’ ही संज्ञा देऊन त्याची कर्तृसंज्ञाही कायम ठेविली. म्हणजे करविणारा हाही कर्ताच. हात दुसऱ्याचे असले म्हणून त्याची जबाबदारी टळत नाहीं. ही सोय केवळ संस्कृतोद्भव भाषांची नव्हे. कॉलिन मॅसिका यांनीं १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत भारतीय भाषांचीं जीं समान लक्षणें नकाशांवर मांडलीं, त्यांत धातूपासूनच प्रयोजक साधण्याची प्रवृत्ति हें एक आहे. आमच्या जिल्ह्यांत मराठीच्या शेजारीं गोंडी व कोलामी या द्राविडी कुळांतील भाषा नांदतात. कुळें वेगळीं असलीं तरी एका भूमीवर राहून भाषांची वळणें किती जुळतात, याचा विचार येथें सहज मनांत येतो.

इंग्रजींत धातूचें असें रूप करण्याची रीति जवळजवळ नष्ट झाली आहे. ‘फॉल’ व ‘फेल’, ‘राइज’ व ‘रेझ’ अशा कांहीं जोड्या तेवढ्या जुन्या वाड्याच्या खांबांप्रमाणें उभ्या आहेत. बाकीचें काम ती भाषा सहायक शब्दांकडून करवून घेते, आणि त्यांत मोठी बारकाई आहे. ‘मेड हिम गो’ यांत बळजबरी आहे, ‘हॅड हिम गो’ यांत हुकूम आहे, ‘गॉट हिम टु गो’ यांत मनधरणी आहे, तर ‘लेट हिम गो’ यांत केवळ आड न येणें आहे. आपणही ‘जावयास लाविलें’, ‘मन वळवून धाडिलें’, ‘जाऊं दिलें’ असें म्हणून हे भेद दाखवूं शकतों. येथवर दोन्ही भाषांत कारण होणारा बहुधा माणूसच असतो.

परंतु इंग्रजींत आणखी एक वर्ग आहे: ‘लेड टु’, ‘गेव्ह राइज टु’, ‘ब्रॉट अबाउट’, ‘रिझल्टेड इन’. यांस माणसाची गरजच नाहीं. एक घटना दुसरीस जन्म देते, दुसरी तिसरीस. ‘परिणति झाली’, ‘कारणीभूत झालें’, ‘घडवून आणिलें’ हे आपल्या ग्रंथांतील शब्दप्रयोग यांच्याच सहवासांत वाढले.

त्यांनीं केलेला उपकार नाकारतां येत नाहीं. आपल्या बखरकारास मोठ्या उलथापालथीचें कारण विचारावें, तर तो पुष्कळदां ईश्वरी इच्छा किंवा कोणा एकाची दुर्बुद्धि पुढें करी. वऱ्हाडच्या कापसाची कथा या दोहोंपैकीं कशानेंच उलगडत नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला. हिंदी कापसाचे भाव चढले. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि भाव उतरले. दारव्ह्याच्या शेतकऱ्याचें भलें किंवा वाईट करावें, असें लिंकनच्या मनांतही नव्हतें. येथें ‘करविणारा’ शोधूं गेल्यास तो सांपडत नाहीं. कोणीही न योजिलेला परिणाम समजावून घेण्यास घटनांची सांखळीच लागते, आणि ती गुंफण्याची साधनें इंग्रजी वाक्प्रचारांनीं आपणांस दिलीं.

पण साधन हातीं आलें कीं तें नको तेथेंही चालविण्याचा मोह होतो. ‘आगगाडीमुळें वऱ्हाडचा कापूस परदेशीं गेला’ हें वाक्य पाठ्यपुस्तकांत शोभेल असें आहे. १८६७ सालीं रूळ नागपुरास पोंचले आणि नंतर मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद रुळांचा फांटा सुरू झाला, हें खरेंच. या फांट्यावरील गाडीसच पुढें लोक ‘शकुंतला’ म्हणूं लागले. परंतु रूळ आपण होऊन पडत नसतात. ते कोणी तरी टाकवितो. डलहौसीनें १८५३ सालीं रेल्वेविषयीं जें टिपण लिहिलें, त्यांत विलायतेस हव्या असलेल्या हिंदी कापसाचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि त्याच सालीं तहानें निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आला. ‘हेतु’ या शब्दाचे कारण आणि मनांतील उद्देश हे दोन्ही अर्थ येथें एकत्र येतात. आगगाडीला कर्ता केलें कीं डलहौसी वाक्यांतून अलगद उतरून जातो.

पुसदची गोष्ट याच्या उलट. ‘जंगलच्या कायद्यानें असंतोषास जन्म दिला’ असें लिहून इतिहासकार मोकळा होतो. पण १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव जंगलांतील गवत कापून कायदा मोडला. असंतोष गवत कापीत नाहीं, माणूस कापतो. सत्याग्रहाचें मर्मच असें कीं पुढाऱ्यानें करविण्यावर न थांबतां स्वतः करावें, आणि कर्तेपण उघडपणें पत्करावें. घटनांच्या सांखळींत हें पत्करणें दिसेनासें होतें.

मायकेल स्टब्ज यांनीं १९९५ सालीं दाखविलें कीं इंग्रजींतील ‘कॉज’ हें क्रियापद बहुतांशीं अनिष्ट गोष्टींच्याच संगतींत येतें. आपल्या ‘कारणीभूत’ची संगतही तीच. सुबत्तेस कोणी कारणीभूत होत नाहीं, अपघातास होतो. म्हणजे हे शब्द दिसावयास तटस्थ, पण आंतून दोषारोपाचे आहेत. आणि दोष ठेवावयाचा तर तो कोणावर, हें सांगणें टाळून चालत नाहीं.

हा वाद केवळ व्याकरणाचा नाहीं. शेतकऱ्यानें आत्महत्या केल्यास त्याच्या कुटुंबास एक लाख रुपयांची मदत देण्याची जी पद्धति महाराष्ट्र शासनानें २००६ सालीं घातली, तींत नापिकी, कर्जफेड न होणें व वसुलीचा तगादा या कारणांची छाननी होऊन प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतें. या दुःखाची झळ यवतमाळ जिल्ह्यास फार लागली आहे. अशा मरणामागें पाऊस, भाव, कर्ज, आजार, मनाची व्यथा अशीं अनेक कारणें एकांत एक गुंतलेलीं असतात. नमुन्यांतील रकाना मात्र निश्चित ‘मुळें’ मागतो. एका शब्दयोगी अव्ययावर विधवेच्या पदरीं कांहीं पडावयाचें कीं नाहीं, हें ठरतें. ‘कर्जामुळें’ एवढें लिहिल्यानें कर्ज कोणीं दिलें, कोणत्या अटींवर दिलें, व भाव पडला तेव्हां कोण गप्प राहिला, हे प्रश्न मिटत नाहींत.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच. इंग्रजीनें दिलेली घटनांची सांखळी टाकून देऊं नये. तिच्यावांचून कापसाचा इतिहास कळणार नाहीं. पण प्रत्येक दुव्यापाशीं थांबून मराठी व्याकरणाचा जुना प्रश्न विचारावा: हें झालें, केलें, कीं करविलें? झालें असेल तर झालें म्हणावें. करविलें असेल, तर करविणाऱ्याचें नांव कर्त्याच्या जागीं लिहावें.