मुलाचा समोरचा दात गेला, तरी लगेच इम्प्लांट का बसवत नाहीत?

क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसतो, सायकल घसरते आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा समोरचा कायमचा दात जातो. काही मुलांना पुढच्या दोन दातांशेजारचा दात मुळातच येत नाही. पालक इम्प्लांटबद्दल विचारतात, पण डेंटिस्ट थांबायला सांगतात. असे का?

वाढता जबडा, न हलणारा स्क्रू

इम्प्लांट म्हणजे हाडात पक्का बसणारा स्क्रू, बहुधा टायटॅनियमचा. जबडा वाढताना वरचे नैसर्गिक दात हाडासह खाली सरकतात, स्क्रू मात्र जागेवरच राहतो. काही वर्षांत तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. म्हणून चेहऱ्याची वाढ थांबेपर्यंत वाट पाहतात.

शेजारचे दात घासून नेहमीचा ब्रिज बसवणेही जोखमीचे असते. कोवळ्या दातातील नसेची पोकळी मोठी असते. तिला धक्का लागला तर रूट कॅनालची वेळ येऊ शकते.

मग पर्याय कोणते?

काढता-घालता येणारा दात: टाळूला बसणाऱ्या ॲक्रेलिकच्या पट्टीवर दात असतो. स्वस्त आणि झटपट, पण रोज साफ करावा लागतो आणि मूल वाढेल तसा बदलावा लागतो.

चिकटवलेला ब्रिज: कृत्रिम दाताचा पातळ ‘पंख’ शेजारच्या दाताच्या मागे चिकटवतात. दात जवळजवळ घासावा लागत नाही. पुढच्या दातांसाठी हल्ली एकच पंख पसंत करतात. दोन पंखांपैकी एक सुटला तर ब्रिज जागेवरच राहतो आणि सुटलेल्या पंखाखाली नकळत कीड लागते. एकच पंख असेल, तर तो सुटताच कळते आणि पुन्हा चिकटवता येतो.

तारा लावून जागा बंद करणे: सुळा पुढे आणतात आणि कंपोझिटने त्याला पुढच्या दाताचा आकार देतात. कृत्रिम दात लागतच नाही, पण उपचाराला बराच काळ लागतो.

स्वतःच्याच दाताचे रोपण: मूळ पूर्ण न वाढलेली उपदाढ काढून रिकाम्या जागी लावतात. ती जबड्यासोबत वाढू शकते. मात्र त्यासाठी अनुभवी हात हवेत.

दात मुळासकट निघाला तर?

कायमचा दात मुळाला हात न लावता उचलावा, मळला असल्यास दुधात किंवा पाण्यात हलकेच धुवावा आणि शक्यतो लगेच खाचेत बसवावा. ते जमत नसेल तर दुधात ठेवून तातडीने डेंटिस्ट गाठावा. तासाभराहून अधिक काळ कोरडा राहिलेला दात टिकण्याची शक्यता खूप घटते. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.